क्लचचा आवाज आणि ‘ड्रायव्हिंग हॅबिट’चा शेरा

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्या दसऱ्या-दिवाळीत शोरूमबाहेर जी झुंबड उडाली ती सगळ्यांनी पाहिली. अनेक घरांतली ती पहिलीच गाडी. आता त्याच गाड्या मोफत सर्व्हिससाठी रांगेत उभ्या आहेत. पावसाळ्यात लोणावळ्याची चढण नाहीतर खंबाटकीची कोंडी झेलून आलेल्या गाडीचा मालक काउंटरवर सांगतो, ‘क्लच दाबला की आवाज येतो, पहिल्या गिअरला गाडी थरथरते.’ सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर मान वर न करता उत्तर देतो, ‘सर, क्लच वॉरंटीत येत नाही. ड्रायव्हिंग हॅबिटमुळे होतं.’

हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात ग्राहकाचे हजारो रुपये जातात.

खरा अर्धा भाग आधी सांगून टाकतो. ब्रेक पॅड, वायपरचं रबर, फिल्टर आणि क्लच प्लेट हे झिजणारे भाग, म्हणून वॉरंटीच्या पुस्तिकेत ते वगळलेले असतात. पैसे भरून घेतलेल्या एक्स्टेंडेड वॉरंटीतही बहुधा हीच ओळ असते. हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवली, पेडलवर पाय ठेवूनच शहरभर फिरलं, तर प्लेट जळणारच. त्याचा भुर्दंड कंपनीने सोसावा असं कुणी म्हणत नाही.

पण ‘क्लच’ नावाचा एकच एक भाग नसतो. इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील, त्यावर दाबून बसणारी प्रेशर प्लेट, या दोघांच्या मधली क्लच प्लेट आणि पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर टेकणारं रिलीज बेअरिंग, असा हा संसार. यातली झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू म्हणजे प्लेटवरचं अस्तर. बेअरिंग वाजतं ते अस्तर झिजल्यामुळे नव्हे.

कात्रजच्या उताराला नुसतं क्लच आणि गिअरबॉक्सचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. गाडी रॅम्पवर घेण्याआधी ते कान लावतात, आणि त्यांची पद्धत कुणालाही घरी करून बघता येते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पेडल सावकाश दाबत जायचं. दाबताना चिरका किंवा घरघरता आवाज सुरू झाला तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट, पाय काढलेला असताना आवाज आहे आणि पेडल दाबताच तो थांबतो, तर क्लचला दोष देण्यात अर्थ नाही. तो बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा आवाज. इंजिन बंद करताना खडखड ऐकू आली आणि गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील असलं, तर तिकडे बघायचं. ‘साहेब, प्लेट झिजली की ती घसरते, बोंबलत नाही,’ असं ते म्हणतात. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो, गाडी मात्र वेग घेत नाही. अस्तर पार संपून रिव्हेट लोखंडावर घासू लागले तरच प्लेटचा आवाज येतो, आणि तोवर गाडीने बरेच दिवस घसरून दाखवलेलं असतं.

त्यांच्या बाकावर मी उघडलेला एक सेट पाहिला. गाडी तशी नवी होती. प्लेटच्या अस्तरात रिव्हेटची डोकी अजून खोल होती, म्हणजे माल शिल्लक होता. पण एका बाजूला अस्तर काळं, तुकतुकीत झालेलं; त्यावरून बोट फिरवलं की तेल लागत होतं. प्रेशर प्लेटवर निळसर डाग, ते तापल्याचे. इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळत होतं आणि ते तेल प्लेटवर येत होतं. थरथर त्याचीच. आता हा दोष चालवणाऱ्याच्या पायाचा म्हणायचा? सील हा वॉरंटीतला भाग आहे, मग त्याच्या गळतीने खराब झालेली प्लेट वॉरंटीबाहेर कशी? मला विचाराल तर सगळं भांडण इथेच आहे. गिअरबॉक्स उतरवून बघितल्याशिवाय ‘ड्रायव्हिंग हॅबिट’ हा शेरा मारताच येत नाही, आणि तरीही तो काउंटरवरच मारला जातो.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्या अशाच थरथरत होत्या. त्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक, म्हणजे चालकाच्या पायाखाली क्लचचं पेडलच नाही. तरी ग्राहकांना सांगितलं गेलं की तुमची चालवण्याची पद्धत चुकते. तिथला ग्राहक आयोग फेडरल कोर्टात गेला. गिअरबॉक्सच्या अडचणी माहीत असूनही कंपनीने हे उत्तर दिलं, हे तिथे समोर आलं आणि एप्रिल २०१८ मध्ये फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. थरथरीच्या मुळाशी सापडलेल्या कारणांत गळकी सील आणि अस्तराचा माल, दोन्ही होती.

आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओपासून एएमटी गाड्या घराघरांत पोचल्या. तिथेही क्लच तोच, फक्त दाबण्याचं काम यंत्र करतं. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरली तर प्लेट जळते, हे खरं. पण अशा गाडीचा कंट्रोल युनिट क्लच कुठे पकडतो याची आकडेवारी ठेवतो. स्कॅनर लावून ती काढता येते. चालवणाऱ्यावर ठपका ठेवायचा तर त्याला ती छापून दाखवा, एवढं तरी मागायला हवं.

आता खर्चाकडे या. क्लचच्या कामात महाग पडते ती मजुरी, कारण काम बेअरिंगचं असो की प्लेटचं, गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. म्हणूनच चांगला मिस्त्री प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट एकदमच बदलतो. तेच बरोबर आहे. गडबड होते ती बिलात. बेअरिंगच्या दोषासाठी गिअरबॉक्स उतरवला असेल, तर ती मजुरी वॉरंटीत धरली पाहिजे आणि ग्राहकाने फार तर झिजलेल्या प्लेटची किंमत द्यावी. प्रत्यक्षात वॉरंटीत येतं ते शंभर-दोनशे ग्रॅमचं बेअरिंग, आणि मजुरीसकट उरलेलं सगळं ग्राहकाच्या माथी.

त्यामुळे पहिल्या मोफत सर्व्हिसपासूनच आवाजाची तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कधी येतो, पेडल दाबल्यावर की सोडल्यावर. ‘गाडीचा नॅचरल साउंड आहे’ असं उत्तर मिळालं तर तेही लिहून मागा. गिअरबॉक्स उघडल्यावर स्वतः जाऊन बघा, फोटो काढा. वॉरंटीत बदललेला जुना भाग कंपनीकडे जातो, नंतर तो हाती लागत नाही. प्लेट ‘झिजली’ म्हणत असतील तर रिव्हेटची खोली व्हर्निअरने मोजायला सांगा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा मिलिमीटरमध्ये दिलेली असते.

‘बाहेर दाखवलंत तर वॉरंटी जाईल’ ही धमकीही सरसकट चालत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नका, असंही त्या आदेशात बजावलं. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. तरीही बाहेरच्या मिस्त्रीकडून नुसता आवाज ऐकवून घेतल्याने वॉरंटीला धक्का लागण्याचं काही कारण नाही.

तरीही अडलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. नाहीतर तज्ज्ञाचा अहवाल नसला की अशी तक्रार लंगडी पडते, आणि बहुतेक जण ती करायलाच जात नाहीत. पंधरा-वीस हजारांच्या क्लचसाठी रजा टाकून तारखांना कोण जाणार?

म्हणून एकेकट्याने लढण्यापेक्षा दुसरा रस्ता मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याच कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आहे आणि तशी तक्रार राज्य आयोगाकडे नेता येते. ग्राहक संघटनेलाही तक्रारदार होता येतं. कंपनीने स्वतःच लिहिलेली, ग्राहकाला न विचारता त्याच्या गळ्यात घातलेली आणि कारण न तपासता अख्खा क्लच वगळणारी अट या व्याख्येत बसते की नाही, हे एकदा तपासून घ्यायला हवं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या संघटनेने अशा जॉब कार्डांचा गठ्ठा गोळा करून राज्य आयोगापुढे ठेवावा. त्यासाठी लागणारी कार्डं महाराष्ट्रातल्या प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या फायलींत आहेत.