जुन्या घरात नवं सामान

फणसवाडीत फणस शोधायला कुणी जात नाही. आंबेवाडीत आंबा आणि केळेवाडीत केळ उरली आहे का, असंही कुणी विचारत नाही. झाडं गेली, त्या जागी चाळी आणि इमारती आल्या, नावं मात्र राहिली. जुन्या घराचंही काहीसं असंच असतं. राहणारी माणसं बदलतात, भिंतींचा रंग बदलतो. पण खिडकीची उंच चौकट, पायाखालची नक्षीची फरशी, डोक्यावरची सागवानी तुळई आणि जिन्याचा झिजून गुळगुळीत झालेला कठडा घराचं मूळ नाव सांगत राहतात.

अशा घरात आजच्या गरजांसह राहायचं कसं आणि ते सजवायचं कसं, हा प्रश्न गिरगावातल्या कितीतरी कुटुंबांसमोर आहे. दोन टोकांची उत्तरं आपण नेहमी पाहतो. एका घरी आजोबांचा पलंग भंगारवाल्याकडे जातो, तुळया खोट्या छताआड दडतात, फरशीवर चकचकीत टाइल्स चढतात. दुसऱ्या घरी पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, न पेटणारे कंदील आणि न चालणारी घड्याळं यांची एवढी गर्दी होते की पाहुण्याला बसायला जागा राहत नाही. पहिलं घर आपलं वय विसरतं, दुसरं घर वयाशिवाय काही बोलतच नाही. राहण्याजोगं घर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं.

आपल्या भाषेकडे पाहिलं तर हा मेळ आपण कधीच घातलेला आहे. पाट मुळातला आपला. खुर्ची अरबीतून आली, पडदा आणि तक्क्या फारसीतून आले, बाक पोर्तुगीजांकडून आलं आणि टेबल इंग्रजांकडून. मराठी घरात हे सगळे शेजारी शेजारी बसतात आणि कुणी कुणाला गाव विचारत नाही. ते टिकले, कारण प्रत्येकाला घरात काम होतं. जुन्या घरात वस्तू निवडताना हीच कसोटी लावावी: वस्तू जुनी असो वा नवी, तिला काम हवं.

सजावटीची सुरुवात दुकानात करू नये, जमिनीपासून करावी. गिरगावातल्या अनेक जुन्या इमारतींत रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आहेत. पूर्वी अशा लाद्या परदेशातून येत. १९२२ साली फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला आणि स्वदेशी लादी घरोघर पोहोचली. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्याच्या एकेका खणात पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचं पातळ मिश्रण ओततात, साचा अलगद उचलतात, मागे साधं सिमेंट आणि वाळू भरून यंत्राने दाबतात आणि मग लादी पाण्यात मुरवतात. रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, म्हणूनच ऐंशी वर्षांच्या पावलांनंतरही नक्षी पुसली जात नाही. मळकट दिसली तर ती फेकायची नाही, घासून पॉलिश करायची. मात्र तिच्यावर अ‍ॅसिड टाकू नये. सिमेंट आणि संगमरवर दोन्ही अ‍ॅसिडने खाल्ले जातात. आज फरशी उजळ दिसते, उद्या खरबरीत होते. तुटलेल्या लाद्यांच्या जागी तंतोतंत तशी नक्षी मिळाली नाही, तर उगाच जवळपासची आणून बसवू नये. एकरंगी साधी लादी घालावी. ठिगळ ठिगळासारखं दिसलं तर डोळ्याला खटकत नाही, नक्कल खटकते.

जुन्या फरशीवर नवी टाइल चढवण्याचा मोह मात्र दिसण्यापेक्षा वजनाच्या दृष्टीने वाईट. अनेक जुन्या इमारतींत मजल्याचा भार लाकडी तुळयांवर असतो. टाइल आणि खालचा मसाला मिळून चौरस मीटरला सुमारे शंभर किलो धरले, तर दहा बाय बाराच्या एका खोलीत टनाहून अधिक ओझं वाढतं. चार बिऱ्हाडांनी तेच केलं तर हिशेब आपणच करावा. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक ओलीने आधी कुजतं आणि ते आपल्याला दिसत नाही. म्हणून मोरी हलवणं, भिंत पाडणं, पोटमाळ्यावर मोठी टाकी चढवणं ही कामं स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि रीतसर परवानगी घेतल्याशिवाय करू नयेत. शेजाऱ्याचं छत ही आपली जमीन असते, हे चाळीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

भिंतींचंही असंच. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट दिला, की ओल आत कोंडते आणि दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे पडतात. मग आपण रंगाच्या कंपनीला बोल लावतो. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचा किंवा हवा खेळू देणारा रंग मानवतो. एक इशारा मात्र द्यायला हवा. जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांची खात्री देता येत नाही. दारं-खिडक्या खरवडायच्या असतील तर त्या ओल्या करून खरवडाव्यात, आणि लहान मुलं व गर्भवती स्त्रिया तेवढे दिवस दुसऱ्या घरी असाव्यात.

आता सामानाकडे वळू. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, आणि तिथलं सागवान मुंबईच्या बंदरात उतरे. म्हणून आपल्या साध्यासुध्या घरांतही बर्मा टीकचे पलंग आणि कपाटं सापडतात. त्यांच्यावर चढलेले काळपट थर पाहून ती टाकाऊ वाटतात. जाणत्या पॉलिशवाल्याला बोलवा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवत तो काम करतो. त्यालाच आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो. जाड चकाकणाऱ्या लॅकरपेक्षा जुन्या लाकडाला हे शोभतं, आणि पुढे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी दुरुस्त होतं.

फणसवाडीहून चोरबाजार पायी जाण्याजोगा आहे. मटण स्ट्रीटवरची जुन्या सामानाची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तिथे जाताना घराचं माप आणि आपल्या जिन्याच्या वळणाचं माप खिशात ठेवावं. कपाट पसंत पडतं, हमाल ते दुसऱ्या मजल्यापर्यंत आणतात आणि वळणावर अडकतं, असं गिरगावात नेहमी घडतं. वस्तू उलटी करून पाहावी. खणाच्या तळाशी हात फिरवावा. जुन्या कामात लाकडाच्या खाचेत लाकूड बसवलेलं असतं, नव्याला जुनं केलेल्या वस्तूत स्क्रू आणि प्लायवूड सापडतं. बारीक भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून दोन दिवस थांबायला सांगावं. ताजं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. असं लाकूड घरच्या तुळयांखाली आणू नये. आणि चाचांशी घासाघीस जरूर करावी, पण वस्तू कुठून आली ते आधी विचारावं. चांगला दुकानदार किमतीआधी गोष्ट सांगतो.

जुन्या वस्तूंतही सगळ्यात उपयोगी कोणती, असं विचाराल तर मी इराण्याच्या हॉटेलातल्या खुर्चीचं नाव घेईन. धोबीतलावच्या, १९०४ पासून चालत आलेल्या कयानीत चहा पिताना ती आपण पाठीखाली घेतलेली असते. वाकवलेल्या लाकडाची ही घडण युरोपातली. मिखाएल थोनेट यांनी बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याची रीत कारखान्यात आणली आणि १९५९च्या शंभर वर्षं आधी, म्हणजे १८५९ साली, त्यांची १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आली. सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. ती हलकी आहे, एका हाताने उचलता येते आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसते, त्यामुळे छोटी खोली भरल्यासारखी वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वीची ही वस्तू आजच्या साध्या टेबलाजवळ परकी दिसत नाही, कारण ती मुळातच आधुनिक आहे. गोदरेजच्या लोखंडी कपाटाचंही तेच. १९२३ पासून बनणारं हे कपाट लग्नाच्या रुखवतापासून म्हातारपणाच्या कागदपत्रांपर्यंत घर सांभाळतं. त्याला घराच्या दारांचा रंग द्या, ते अवघडल्यासारखं उभं राहणार नाही.

नव्या वस्तू निवडताना माझं म्हणणं एवढंच, की त्यांनी जागा मागावी, मान मागू नये. नक्षीचा पलंग आहे ना, मग सोफा साधा, सरळ रेषांचा, पायांवर उभा घ्यावा. खालून फरशी दिसत राहिली की खोली मोठी वाटते. एका खोलीत एकच मोठी जुनी वस्तू पुरे. उंच छताचा फायदा घेऊन कपाटं वर न्यावीत, जमीन मोकळी ठेवावी. भिंतीला मिटणारं टेबल मुलाच्या अभ्यासाला आणि रात्रीच्या जेवणाला सारखंच चालतं. सर्वांत आधी मात्र वायरिंग बदलावं. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरींचं रबर वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकतं, आणि त्याच तारेवर आपण एसी लावतो. त्याला वेगळी लाइन आणि आपोआप वीज तोडणारी स्विचं हवीतच. बेकलाइटचं काळं गोल बटण आवडत असेल तर आठवण म्हणून भिंतीवर ठेवा, त्यात वीज ठेवू नका. दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, पिवळसर घ्यावेत. पांढऱ्या प्रकाशात सागवान राखेसारखं दिसतं. जुन्या घरात आजची मांडणी कशी दिसते हे पाहायचं असेल, तर शेजारच्या खोताच्या वाडीत एक फेरी मारावी. तिथे २०२२ साली एका जुन्या घरातच ‘४७-अ’ नावाचं डिझाइनचं दालन सुरू झालं.

कामाबरोबर मानाचाही प्रश्न असतो. आमच्या घरी रेहाल आहे, म्हणजे कुराण ठेवून वाचायची लाकडी घडी. चांगली रेहाल एकाच फळीतून कापतात. दोन पाखं एकमेकांत गुंतलेली, ना खिळा, ना बिजागरी. गिरगावातल्या घरांत पोथी वाचायला घडीचं असंच लाकडी आसन असतं. हल्ली शोभेच्या खोल्यांत त्याच्यावर चकचकीत मासिकं ठेवलेली दिसतात, आणि देव्हाऱ्याचं नक्षीदार दार बाटल्यांच्या कपाटाला लावलेलं दिसतं. कायदा याच्या आड येत नाही. पण ज्या वस्तूपुढे कुणीतरी वर्षानुवर्षं मान लववली, तिला दुसरं काम देताना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. शिवणमशीनच्या बिडाच्या पायांवर फळी टाकून लिहायचं टेबल केलं, तर त्या मशीनवर संसार चालवलेल्या आजीला बहुतेक आनंदच होईल. पाटा-वरवंटा कुंडीखाली गेला तर कदाचित होणार नाही. सूनबाईंनी विचारावं आणि सासूबाईंनीही, ‘मग तुला काय सोयीचं?’ असं उलट विचारावं. घराची खरी मांडणी या संवादातून ठरते.

हे सगळं किती दिवसांसाठी, असा प्रश्न आज गिरगावात कुणीही विचारेल. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती ‘अ’ वर्गात मोडतात आणि त्यांतल्या अनेकांच्या पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षं चाललेली असतात. मेट्रो तीनची काळबादेवी आणि गिरगाव ही स्थानकं ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली; त्या मार्गासाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. मोडकळीला आलेल्या घरात जीव मुठीत धरून राहा, असं कुणी म्हणू नये. नळाला पाणी, स्वतःचं संडास-न्हाणीघर आणि म्हाताऱ्यांसाठी लिफ्ट यांची गरज जुन्या कठड्याच्या देखणेपणाहून मोठी आहे.

पण ज्यांना जायचं आहे, त्यांनी जाण्याआधी तयारी करावी. सिमेंटात बसलेल्या लाद्या सहसा अखंड निघत नाहीत, म्हणून कुशल गवंड्याकडून कोपऱ्यातल्या पाच-सहा तरी आधीच काढून घ्याव्यात. चहाच्या टेबलाला तेवढ्या पुरतात. दारं, चौकटी, तुळया कुणाच्या, हे इमारत रिकामी करण्याआधी लेखी ठरवून घ्यावं. नाहीतर पाडकाम करणारा ठेकेदार त्या नेतो, आणि आपल्याच घराचं सागवान पुढे कापून-रंधून कुणाच्या तरी उपाहारगृहात उभं राहतं. नव्या फ्लॅटची उंची आणि लिफ्टचं माप घेऊन मगच कोणता पलंग न्यायचा ते ठरवावं. जे नेता येणार नाही त्याचे फोटो काढावेत, आणि त्यामागे कुणी, कधी, कशासाठी घेतलं ते घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारून लिहून ठेवावं.

संक्रमण शिबिरातल्या परक्या खोलीत सगळ्यात जास्त गांगरतात ती म्हातारी माणसं. तिथे पहिल्या दिवशी टीव्ही लागला नाही तरी चालेल. त्यांची रोजची खुर्ची मात्र खिडकीजवळ, उजेडात मांडलेली असावी. मग घर लागायला वेळ लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)