गावचा रेडिओ मोबाइलवर आणायचाय? आधी ऐकणाऱ्याचा नेटपॅक बघा

हिंगोली : जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना रेडिओ म्हटलं की मिडीयम वेव्ह 1305 वरचं आकाशवाणीचं परभणी केंद्र आठवतं. आता ट्रान्झिस्टर माळ्यावर गेला अन् मोबाइल खिशात आला. ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर आकाशवाणीची 200 हून जास्त केंद्रं ऐकता येतात. मग एखाद्या शाळेनं, बचत गटानं किंवा शेतकरी कंपनीनं स्वतःचा ऑनलाइन रेडिओ काढायचा ठरवला, तर प्लॅटफॉर्म कोणता घ्यावा?

आवाज पोचतो कसा?
एफएम टॉवरला दहा जण ऐकोत की दहा हजार, खर्च तोच. ऑनलाइनचं तसं नाही. आपल्या कॉम्प्युटरवरून आवाज एकदाच सर्व्हरला जातो, पण तिथून प्रत्येक श्रोत्याला वेगळी धार सोडावी लागते. 64 केबीपीएसवर 100 जण ऐकत असतील तर सर्व्हरला 6.4 एमबीपीएस लागतात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा : एका वेळी किती श्रोते चालतील? मर्यादा ओलांडली तर काय होईल?

तासाला किती डेटा जातो?
- 32 केबीपीएस : सुमारे 14 एमबी
- 64 केबीपीएस : सुमारे 29 एमबी
- 128 केबीपीएस : सुमारे 58 एमबी

नुसत्या बोलण्याला ‘एएसी प्लस’ प्रकारात 32 पुरतात, गाण्यांना 64 बरे. शिवारात रेंज कमी असली की 128 चा आवाज अडकत अडकत येतो. बिटरेट कमी करता येत नसेल, तर तो प्लॅटफॉर्म आपल्या कामाचा नाही.

यूट्यूब फुकट आहे, मग ते का नको?
यूट्यूबवर व्हिडिओचा डेटा जातो. शिवाय प्रीमियम नसेल तर स्क्रीन बंद केली की आवाजही बंद पडतो. हळद शिजवताना, पाणी देताना मोबाइल खिशात असतो. तिथं स्क्रीन बंद असतानाही चालणारा रेडिओच कामाचा.

पर्याय कोणते?
झेनोसारखे प्लॅटफॉर्म फुकट मिळतात, पण मध्ये जाहिराती लागतात. आइसकास्ट आणि अझुराकास्ट ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, मात्र सर्व्हर भाड्यानं घ्यावा लागतो अन् सांभाळणारा जाणकार पोरगा लागतो. महिन्याचे पैसे घेऊन सगळं सांभाळणाऱ्या कंपन्याही आहेत.

काहीही घ्या, त्यात ‘ऑटो डीजे’ हवाच. म्हणजे गावातली लाइट गेली तरी सर्व्हरवर ठेवलेले कार्यक्रम चालू राहतात. कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि वेबसाइटचं नाव स्वतःच्या नावावर घ्या. उद्या प्लॅटफॉर्म बदलला तरी श्रोत्यांचा पत्ता तोच राहील.

परवान्याचं काय?
एफएमवर सामुदायिक रेडिओ काढायचा तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. ती एकट्या माणसाला मिळत नाही, संस्थेलाच मिळते. फिल्मी गाणी ऑनलाइन लावली तरी हक्काचा प्रश्न येतोच. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि बऱ्याच कंपन्यांच्या रेकॉर्डिंगसाठी पीपीएल या संस्था आहेत. त्यापेक्षा गावच्या भजनी मंडळाचं पारंपरिक भजन, बायांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांना विचारून रेकॉर्ड केलेल्या बऱ्या.

पैसे भरण्याआधी एवढं करा
प्लॅटफॉर्म आठवडाभर चाचणीला घ्या. गावातला सगळ्यात स्वस्त मोबाइल घेऊन शिवाराच्या टोकाला जा, स्क्रीन बंद करा आणि तासभर ऐका. तिथं नीट चाललं तरच पैसे भरा.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. वसमतकडं हळद वाळत घातलेली असताना अवकाळीचा इशारा चार तास आधी मिळाला, तर ताडपत्री टाकता येते. पण वादळात मोबाइलचा टॉवरच बंद पडला तर ऑनलाइन रेडिओही गप्प होतो. तेव्हा सेलवरचा ट्रान्झिस्टरच कामाला येतो. तो भंगारात घालू नका.