इन्शुलिनचा निरोप

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाची मोठी रांग लागते. शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख असलेल्या वालधुनीकाठच्या या शिलाहारकालीन मंदिरात उल्हासनगर-बदलापूरहूनही माणसं येतात. दर्शन झालं की उपवासाची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याचं ग्लुकोज होऊन रक्तात उतरू लागतं आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटतं.

पुढचं काम फार देखणं आहे.

इन्शुलिन हे अवघ्या ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. तरीही पेशीच्या तेलकट आवरणातून त्याला आपणहून आत जाता येत नाही. निरोप बाहेरूनच द्यावा लागतो. तो घेतं आवरणात रुतलेलं दुसरं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर. त्याचे दोन भाग पेशीबाहेर असतात आणि दोन आवरणातून आरपार जाऊन आत पोचतात. इन्शुलिन नसताना हा रिसेप्टर पाय फाकलेल्या चिमट्यासारखा असतो. बाहेरच्या भागावर इन्शुलिन नेमक्या जागी बसलं, की त्याचा आकार बदलतो आणि पाय जवळ येतात. आतली दोन टोकं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. रिसेप्टर जागा झाला, तो असा. मग पेशीतल्या एकामागून एक प्रथिनांना निरोप मिळत जातो. स्नायूंच्या पेशीत शेवटी ग्लुट-४ नावाचे ग्लुकोजवाहक आतून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतली जाते. काम झाल्यावर इन्शुलिनसकट रिसेप्टर आत ओढला जातो. इन्शुलिनचं विघटन होतं आणि बरेचसे रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर परततात.

टाइप-१ मधुमेहात निरोप देणारं इन्शुलिनच जवळपास नसतं. टाइप-२ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. तिथे इन्शुलिन असतं, ते रिसेप्टरला चिकटतंही, पण आतली साखळी मंदावते. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की तिच्यापासून बनणारे काही रेणू फॉस्फेटच्या या देवाणघेवाणीत अडथळा आणतात. मग तेवढ्याच कामासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडावं लागतं.

अंगातली चरबी वजनकाट्यावर दिसेलच असं नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीरावरून दाखवलं. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असतानाचा फोटो छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या चमूने केलेल्या अभ्यासात तर ही ठेवण जन्मतःच दिसली: इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली बाळं. ‘मी बारीक आहे, मला कुठला मधुमेह’ हे आपल्याकडचं लाडकं वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ग्लुट-४ पृष्ठभागावर येण्यासाठी इन्शुलिनच्या निरोपाची गरज लागत नाही. त्यासाठी पेशीत वेगळा मार्ग आहे. तेव्हा उपवासाची खिचडी असो की रोजची भात-आमटी, जेवून लगेच आडवं होऊ नका. थोडं चालून या. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर अंगाने बारीक असलात तरी रक्तातली साखर तपासून घ्या.