वर्गणीदार, अंशदाता आणि योगदानकर्ता : अर्थ व उपयोजन

सामूहिक कार्यात स्वतःचा वाटा घालणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीत एकच एक शब्द नाही. वर्गणीदार, देणगीदार, अंशदाता व योगदानकर्ता हे शब्द समानार्थी मानले जातात. परंतु एकाच्या जागी दुसरा योजला असता अर्थाबरोबर हक्काची कल्पनाही बदलते.

भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यान वसलेल्या नाहूरमध्ये, मुंबईच्या इतर उपनगरांप्रमाणेच, ‘वर्गणी’ हा शब्द सर्वाधिक ऐकू येतो तो गणेशोत्सवाच्या सुमारास. घरटी ठरलेल्या रकमेची पावती फाडली जाते व ती देणारा वर्गणीदार ठरतो. स्वेच्छेने मोठी रक्कम देणारा देणगीदार होय. देणगीदाराचे नाव फलकावर झळकते. हिशेब मात्र वर्गणीदार विचारतो, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

या भेदाचे मूळ काही अंशी शब्दघटनेत आहे. ‘दार’ हा फारसी प्रत्यय धारण करणारा या अर्थाचा आहे. जमीनदार, भागीदार हे त्याच घडणीचे शब्द. ‘दाता’ हा संस्कृत ‘दा’ म्हणजे देणे या धातूपासून आलेला. दार राखतो, दाता देऊन मोकळा होतो. (‘देणगीदार’ हा यास अपवाद, प्रत्यय धारण करणाऱ्याचा, अर्थ देणाऱ्याचा.)

महाविद्यालयीन अध्यापकांना हा भेद निवृत्तिवेतनात प्रत्यक्ष भोगावा लागला आहे. सर्वसाधारण भविष्यनिर्वाह निधीतील कर्मचारी हा वर्गणीदार. त्याची वर्गणी व्याजासह त्यालाच परत मिळते आणि निवृत्तिवेतन त्याहून निराळे असते. 1 नोव्हेंबर 2005 रोजी वा त्यानंतर नियुक्त झालेल्यांसाठी राज्य शासनाने ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’ लागू केली. अनुदानित अशासकीय महाविद्यालयेही तिच्या कक्षेत आली. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या 10 टक्के रक्कम कर्मचाऱ्याची आणि आरंभी तितकीच शासनाची, असे तिचे स्वरूप होते. येथे समासाचा विग्रह महत्त्वाचा ठरतो. ‘परिभाषित’ हे विशेषण अंशदानाचे आहे, निवृत्तिवेतनाचे नव्हे. किती द्यावयाचे ते निश्चित. अखेरीस किती मिळेल ते गुंतवणुकीच्या उत्पन्नावर अवलंबून. घाईने वाचणाऱ्यास निवृत्तिवेतनच निश्चित असल्याचा भास व्हावा, अशी ही शब्दरचना आहे. शिवाय ‘दान’ या पदाने ऐच्छिकतेची छटा येते, वस्तुतः रक्कम वेतनातून सक्तीने कापली जाते. ‘वर्गणी’ हा रूढ शब्द येथे अधिक प्रामाणिक ठरला असता.

‘योगदान’ या शब्दात पैशाचा संबंध बहुधा नसतो. वर्गणीची पावती मिळते, योगदानाची मिळत नाही. म्हणूनच त्याच्या मोजमापाविषयी वाद होतात. शोधनिबंधाच्या संदर्भात योगदानकर्ता व लेखक यांत फरक करणे आवश्यक आहे, कारण लेखकावर संपूर्ण मजकुराची जबाबदारी असते. नाहूरच्या गृहनिर्माण संस्थांत फिरून केवळ प्रश्नावल्या भरून आणणारा विद्यार्थी योगदानकर्ता होय. त्याचा उल्लेख ऋणनिर्देशात यावा. परंतु माहितीचे विश्लेषण व लेखनही त्यानेच केले असेल, तर त्यास योगदानकर्ता म्हणणे हे श्रेय देणे नसून श्रेय काढून घेणे होय.