हिंवाळ्यांतील पुण्याची हवा

पुण्याची हवा निरोगी, असें आपण वाडवडिलांपासून ऐकत आलों आहों. परंतु मार्गशीर्षांत उजाडतां उजाडतां पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून जो खालीं पाहील, त्यास नगरावर धूसर पटल पसरलेलें दिसेल. तें केवळ धुकें नव्हे. त्यांत धूरहि आहे.

याचें कारण भूरचनेंत आहे. मुळा-मुठांच्या कांठचें हें नगर समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच खरें, पण टेकड्यांनीं वेढिलेलें असल्यामुळें परातीसारखें खोलगट आहे. निरभ्र रात्रीं भूमि लवकर निवते. थंड, जड हवा तळाशीं सांचते आणि वरची उष्ण हवा तिजवर झांकणासारखी बसते. वाराहि मंद. मग वाहनांचा व शेकोट्यांचा धूर जाणार कोठें? सूर्य वर येऊन भूमि तापली, म्हणजेच तें झांकण उठतें. आषाढांत नैर्ऋत्येचा वारा व पाऊस हवा धुऊन काढितात. पौषांत तें साह्य नाहीं.

म्हणून वाचकांस विनंति, कीं पहांटे अंगणांतील पालापाचोळा जाळूं नये. खड्ड्यांत कुजवून त्याचें खत करावें. वृद्धांनीं व दमेकऱ्यांनीं ऊन वर आल्यावरच फिरावयास निघावें. आम्हीहि अनेक वर्षें अंधारांतच निघत असूं. आतां ती संवय सोडली आहे.