संशोधन आमच्यावर, मग ते आम्हाला कोण सांगणार?

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत विद्यापीठातले एक संशोधक आले होते. हातात फॉर्मचा गठ्ठा. घरात माणसे किती, कमावते किती, मुले कितवीत शाळा सोडतात, नळ आहे की नाही, असे प्रश्न. बायकांनी हातातली कामे टाकून उत्तरे दिली, चहा पाजला. पुढे त्यांचा प्रबंध पूर्ण झाला, पदवी मिळाली, असे आमच्या कानावर आले. पण ते पुन्हा वस्तीत आले नाहीत. शेजारच्या आजीने आम्हाला विचारले, "बाळा, त्या साहेबानं आमचं काय लिवलं रं?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

दोष एकट्या त्या संशोधकाचा नाही. रीतच तशी पडली आहे. प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहायचा, त्याला जाड पुठ्ठ्याची बांधणी करायची आणि तो ग्रंथालयाच्या कपाटात ठेवायचा. ज्यांच्या जगण्यावर तो लिहिला, त्यांच्यापर्यंत तो पोहोचावा अशी सक्ती नाही आणि अपेक्षाही नाही.

तथागतांची रीत वेगळी होती. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भाऊ भगवंतांकडे तक्रार घेऊन गेले. नाना जातीकुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगतात, त्याने ते बिघडते. तेव्हा ते वेदांच्या भाषेत, छंदात बसवावे, अशी त्यांची विनंती होती. भगवंतांनी त्यांना खडसावले आणि धम्म ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावा, अशी अनुज्ञा दिली. ज्ञान मूठभरांच्या भाषेत कोंडायचे नाही, हा निर्णय अडीच हजार वर्षांपूर्वीच झाला आहे.

बाबासाहेब स्वतः प्राध्यापक होते. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत. १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे सार आम्ही आमच्या भाषेत सांगतो. शेताचे तुकडे लहान आहेत, ते एकत्र करा, असे तेव्हाचे जाणकार म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे किती? शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरावर ठरत नाही. बैल, अवजारे, भांडवल किती आणि राबणारे हात किती, यावर ते ठरते. आपल्याकडे एका तुकड्यावर गरजेपेक्षा जास्त माणसे पोट भरतात, हे खरे दुखणे आहे. म्हणून त्या हातांना काम देणारे उद्योग उभे राहिले पाहिजेत.

हे वाचून गिरणीतल्या किंवा शेतावरच्या कोणाला अवघड वाटेल काय? आमच्या कित्येकांच्या वाडवडिलांनी गाव का सोडले, त्याचे कारणच त्यात आहे.

बाबासाहेब निबंध लिहून थांबले नाहीत. कॉलेजात शिकवत असतानाच, ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे मराठी पाक्षिक सुरू केले. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. जमिनीचा प्रश्न त्यांनी ग्रंथालयात अभ्यासला आणि रस्त्यावर समजावून सांगितला.

दुसरे उदाहरण आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे. त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. एवढा मोठा पंडित. पण बुद्धचरित्र त्यांनी सोप्या मराठीत लिहिले आणि मुंबईत परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा केला.

आज आपल्याच घरांतली मुले-मुली प्राध्यापक झाली आहेत, पीएच.डी. करीत आहेत. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. त्यांच्याकडे आमचे एकच मागणे आहे. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्यातली एक संध्याकाळ आम्हाला द्या. खुर्ची-टेबल, हारतुरे नकोत. सतरंजीवर बसा आणि आपले संशोधन आपल्या भाषेत सांगा.

ऐकणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. नुसत्या टाळ्या वाजवून उठू नये. तीन प्रश्न जरूर विचारावेत: तुम्ही काय शोधले? ते खरे कशावरून? आणि त्याने आमच्या जगण्यात काय बदलावे? धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात. या आणि पाहा. तपासल्याशिवाय मानू नका, ही आपली शिकवण आहे. ती प्राध्यापकांनाही लागू आहे.

यात संशोधकांचाही फायदा आहे. आमच्या वस्तीतल्या त्या फॉर्मवर 'नळ आहे' या रकान्यात खूण झाली. पण नळाला पाणी रात्री तीन वाजता यायचे आणि बायका झोपमोड करून रांगेत उभ्या राहायच्या. त्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. तो प्रबंध एकदा जरी वस्तीत वाचून दाखवला असता, तर पहिल्या पाच मिनिटांत एखाद्या बाईने ती चूक दुरुस्त केली असती.

शेजारच्या आजी आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ शकलो नाही, ही खंत आम्हाला आहे. पण त्यांची नात यंदा कॉलेजात गेली आहे. उद्या ती फॉर्मचा गठ्ठा घेऊन एखाद्या वस्तीत जाईल, तेव्हा उत्तर सांगायला तिने परत तिथे जावे, एवढे तिला आपण आजच शिकवू या.

जयभीम!