उंच खेळाडूचं बदललेलं काम

जळगाव-धुळ्याच्या शाळांत बास्केटबॉलचा संघ उभा करताना सगळ्यांत उंच मुलगा सहसा बास्केटखाली जातो. व्यावसायिक खेळानं ही वाटणी कधीच मोडली. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये १९७९ साली तीन गुणांची रेषा आली आणि दुरून नेम साधणाऱ्याची किंमत वाढत गेली. सात फुटी डर्क नोवित्स्की बाहेरून शूट करू लागला, की त्याला अडवायला उंच बचावपटूला बास्केट सोडून यावं लागे. आत वाट मोकळी होई. खरं मर्म इथंच आहे. ६ फूट ६ इंचांचा ड्रेमंड ग्रीन तर बास्केटखाली खेळणाऱ्या धिप्पाड सेंटरलाही रोखतो आणि चेंडूही खेळवतो. भारताचा अमज्योत सिंग दुरून शूट करणारा उंच फॉरवर्ड. २०१७ मध्ये एनबीएच्या विकास लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी ब्लू संघानं त्याला निवडलं. खानदेशातल्या प्रशिक्षकांनो, उंच मुलामुलींनाही ड्रिबल, पास आणि दुरून शूट करणं लहानपणीच शिकवा.